रकाना काढला म्हणजे...

तक्त्यात एखादा रकाना वाढवणं सोपं, काढणं मात्र किचकट. डेटाबेस सांभाळणं हाच माझा पोटापाण्याचा धंदा, म्हणून सांगतोय. आज्ञा तशी एका ओळीची: ऑल्टर टेबल, ड्रॉप कॉलम. पण ती दिल्यावर आत काय होतं, ते प्रत्येक सॉफ्टवेअरचं निराळं.

एसक्यूलाइटला २०२१ सालापर्यंत, म्हणजे ३.३५ आवृत्ती येईपर्यंत, ही आज्ञा ठाऊकच नव्हती. नवा तक्ता मांडा, हवे तेवढे रकाने त्यात उतरवा, जुना मोडा आणि नव्याला जुन्याचं नाव द्या! आता आज्ञा आहे, पण आतून ओळी नव्याने लिहाव्या लागतातच. ओरॅकलमध्ये रकाना आधी नुसता 'वापरात नाही' असा जाहीर करता येतो. झाडलोट मग सवडीने.

सगळ्यात मजेशीर पोस्टग्रेस. कोट्यवधी ओळींच्या तक्त्यातला रकाना तो क्षणात काढतो, कारण ओळींना तो हातच लावत नाही. स्वतःच्या सूचीत 'हा गेला' अशी खूण करतो, बस्स. जुन्या ओळींतली माहिती डिस्कवर तशीच पडून राहते. एखादी ओळ बदलली की तिची नवी प्रत लिहिली जाते, आणि त्या प्रतीत ती जागा रिकामी असते.

हे समजावून सांगताना मला शनिशिंगणापूर आठवतं. बिनदाराच्या घरांमुळे नव्हे, चौथऱ्यामुळे. बायकांनी चौथऱ्यावर चढायचं नाही, ही तिथली जुनी रीत. वास्तविक देवळात सर्वांना प्रवेश देणारा राज्याचा कायदा १९५६ सालचा. १ एप्रिल २०१६ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने तो पाळायला लावा असं सरकारला बजावलं आणि ८ एप्रिलला, गुढीपाडव्याच्या दिवशी, चौथरा सगळ्यांना खुला झाला. 'बाई की पुरुष' हा रकाना निघाला.

त्याच सुट्टीत आम्ही गेलो. आजी सवयीने खालीच थांबली.

"आजी, आता जाता येतं की वर."

"असू दे रे बाबा. जन्मभर इथूनच हात जोडले."

मी पुढे बोललो नाही. सगळ्या ओळी एकदम नव्याने लिहून घ्यायची सोय पोस्टग्रेसमध्ये आहे, पण ते काम चालू असेपर्यंत तक्ता बंद ठेवावा लागतो. माणसांना असं बंद ठेवता येत नाही. आणि आजीच्या त्या ओळीत नुसती मनाई नव्हती, तिची सगळी भक्तीही तिथेच लिहिलेली होती.

दहा वर्षांची भाची मात्र तरातरा निघाली. आजीने तिला हाक मारली. पूर्वी तेलाची बाटली आजी आजोबांकडे द्यायची. ती तिने भाचीच्या हातात दिली आणि म्हणाली, "माझ्या वाटचंही घाल गं."