उत्तर ठाऊक असलेले प्रश्न

विश्रांती कशाला म्हणावे, याविषयी आमच्या कचेरीत जितकी डोकी तितकी मते आहेत. कोणी सायंकाळी हेब्बाळच्या तळ्याकाठी फेऱ्या मारतो, कोणी देवळात जाऊन बसतो, तर कोणी घरी पोहोचताच पाय पसरून छताकडे पाहत राहतो. आमची तऱ्हा निराळी. आम्ही प्रश्न ऐकतो. जेवण आटोपल्यावर टीव्हीसमोर बसून पंधरा-वीस वर्षांपूर्वीचे प्रश्नमंजूषेचे आणि खेळांचे कार्यक्रम पाहणे, हा आमचा नित्यनेम होऊन बसला आहे. दिवसभर प्रश्नांनी गांजलेल्या माणसाने रात्री पुन्हा प्रश्नच ऐकावे, हे वाचकांना विपरीत वाटेल. म्हणून थोडा खुलासा करतो.

आम्ही केंद्र सरकारचे कारकून असून आमची नेमणूक खिडकीवर आहे. म्हैसूर म्हटले की देशावरील आप्तांच्या डोळ्यांपुढे राजवाडा, दसरा आणि म्हैसूरपाक उभे राहतात. हेब्बाळ हा त्याच म्हैसुराचा घाम गाळणारा भाग. एकीकडे इन्फोसिसचे विस्तीर्ण आवार, दुसरीकडे लहानमोठे कारखाने. तेथली माणसे आपापली पाळी सांभाळून आमच्या खिडकीशी येतात. एका कागदावर नावाआधी नुसते आद्याक्षर, दुसऱ्यावर वडिलांचे संपूर्ण नाव, तिसऱ्यावर गावाचे. आता हे तिघे एकच गृहस्थ, हे सिद्ध कसे करावे? ते आम्हांला विचारतात, आम्ही वरिष्ठांना विचारतो, वरिष्ठ परिपत्रकाला विचारतात. शेवटी खिडकीपलीकडून येते, ‘यावाग बरली?’ म्हणजे ‘केव्हा येऊ?’ आणि अलीकडून जाते, ‘नाळे बन्नि’, ‘उद्या या’. कर्नाटकात भुताला परतवून लावण्यासाठी दारावर ‘नाळे बा’ असे लिहीत, अशी एक दंतकथा आहे. भूत रोज ते वाचून परत जाई म्हणे. पण माणसे भुतांहून चिवट असतात. ती खरोखरच उद्या येतात.

खिडकीवरचा प्रश्न दमवितो, तो अवघड असतो म्हणून नव्हे. त्याचे उत्तर आपल्या हाती नसते, म्हणून.

जुन्या खेळांत हे दुःख नाही. ‘कौन बनेगा करोडपती’ ३ जुलै २००० रोजी सुरू झाला, तेव्हा आम्ही शाळेत होतो. त्याच वर्षी मुंबईच्या हर्षवर्धन नवाथे यांनी पंधरा प्रश्न पार करून पहिले एक कोटी जिंकले. ते त्या वेळी सनदी सेवांच्या परीक्षेची तयारी करीत होते, हा तपशील आम्हां सरकारी मंडळींना विशेष गोड लागतो. पुढे ते व्यवस्थापनाच्या क्षेत्राकडे वळले. म्हणजे त्या कोटीने एका भावी अधिकाऱ्याची फायलींतून सुटका केली! २०१९ साली अमरावती जिल्ह्यातील बबिता ताडे यांनी कोटी जिंकले. शाळेत मुलांसाठी खिचडी शिजविण्याचे महिना दीड हजार रुपये त्यांना मिळत. हे भाग आम्ही कितीदा पाहिले असतील! निकाल ठाऊक असतो, म्हणूनच पाहतो. छाती धडधडत नाही. चुकीचे उत्तर कोणाचे निवृत्तिवेतन अडवीत नाही. प्रत्येक प्रश्नाला चार पर्याय, त्यांतला एक निश्चित खरा, आणि निर्णय त्याच क्षणी. अशी कचेरी कोणास नको आहे?

या भूमीचाही एक खेळ आम्हांस लाभला आहे. दूरदर्शनच्या चंदना वाहिनीवर २००२ साली ‘थट् अंत हेळि’, म्हणजे ‘झटकन सांगा’, ही प्रश्नमंजूषा सुरू झाली. प्रश्न विचारणारे डॉ. ना. सोमेश्वर हे पेशाने वैद्य, आणि बरोबर उत्तराचे बक्षीस म्हणजे कन्नड पुस्तक. कोटी नाही, मोटार नाही, पुस्तक! प्रारंभी आम्हांला प्रश्नच कळत नसे. आता प्रश्न कळतो, उत्तर चुकते. ही प्रगतीच म्हणावयाची. तेथे ऐकलेला एखादा शब्द दुसऱ्या दिवशी खिडकीवर उपयोगी पडतो आणि पलीकडच्या चेहऱ्यावरची आठी किंचित सैल होते.

परंतु शनिवारची रात्र ‘होम मिनिस्टर’साठी राखून ठेवलेली असते. २००४ ते २०२२ या काळात झी मराठीवर चाललेल्या या खेळात आदेश बांदेकर घरोघरी जात. गृहिणींना ‘वहिनी’ म्हणत, स्वतः ‘भावोजी’ होत, खेळ खेळवीत आणि जिंकणारीला पैठणी देत. विद्वानांनी त्याला नाके मुरडली. आम्हांला मात्र त्यातले मर्म येथे, परमुलखात आल्यावर उमगले. दिवसभर घरच्यांना ‘भाजी काय करू?’ असे विचारणाऱ्या बाईला तेथे कोणी तरी काही विचारीत असे, आणि तिच्या उत्तरासाठी थांबत असे.

आमच्या सौभाग्यवतीचे माहेर साताऱ्याकडचे. येथे शेजारणींशी तिचे सख्य आहे, पण ते मोडक्या कन्नडात आणि खुणांत. मराठीत तिला विचारणारे आम्ही एकटे. आणि खिडकीवरून उठलेल्या माणसाच्या जिभेवर प्रश्न म्हणून उरत नाही. ते काम भावोजी करतात. लग्न कसे जमले, पहिला रुसवा कशावरून, असे पडद्यावरच्या वहिनींना विचारले जाते आणि उत्तर आमच्या खोलीतून येते. परवाच्या शनिवारी आम्हांला कळले, की लग्नाआधी तिला बालवाडी काढावयाची होती आणि त्यासाठी तिने जागाही पाहून ठेवली होती. नऊ वर्षांच्या संसारात हे आम्ही प्रथमच ऐकत होतो.

जुन्या कार्यक्रमाचा एक मोठा गुण असा, की तो थांबविला तर थांबतो. पडद्यावरची वहिनी पैठणीकडे हात नेताना तशीच स्थिर राहिली. आम्ही विचारले, ‘जागा कोणती होती?’ आणि सौभाग्यवती सांगू लागली. ते बोलणे बारा वाजून गेले तरी चाललेच होते.