खंजिरी, कारावास आणि ग्रामगीता

तुकडोजी महाराजांविषयी मराठी समीक्षेने जे थोडेफार लिहिले आहे, ते बहुधा तीन निरनिराळ्या व्यक्तींविषयी लिहिल्यासारखे वाटते. एक खंजिरीवर भजने गाणारा गायक, दुसरा १९४२ च्या आंदोलनात तुरुंगात गेलेला कार्यकर्ता, तिसरा ‘ग्रामगीते’चा कर्ता. पहिल्याचा विचार संतवाङ्मयाच्या परिशिष्टात होतो, दुसऱ्याचा जिल्ह्याच्या इतिहासात, तिसऱ्याचा ग्रामविकासाच्या चर्चेत. ही वाटणी विद्यापीठीय विभागांच्या सोयीची आहे, विषयाच्या नव्हे. गायन, चळवळ आणि समाजचिकित्सा एकाच आयुष्यात आढळली की ‘बहुआयामी व्यक्तिमत्त्व’ असे म्हणून मोकळे होण्याची आपली रीत आहे. त्या शब्दाने काहीच उलगडत नाही. यांतील एक काम दुसऱ्याच्या अंगात कसे शिरले, हा खरा प्रश्न आहे.

अमरावती जिल्ह्यातील यावली येथे १९०९ साली जन्मलेल्या माणिक बंडोजी इंगळे यांचे शिक्षण प्राथमिक शाळेतच सुटले. वरखेडच्या आडकोजी महाराजांचे गुरुत्व आणि चिमूरजवळील रामदेगीच्या अरण्यातील वास्तव्य, ही त्यांची पुढची शाळा. त्या काळी आजचा गडचिरोली जिल्हाही चांदा जिल्ह्यातच होता. तो वेगळा झाला १९८२ मध्ये. या मुलखात गावोगाव फिरणाऱ्या गायकाच्या हाती खंजिरी असावी, हे केवळ योगायोगाने घडलेले नाही. तंबोरा बैठक मागतो, पेटीला मांडी किंवा जमीन लागते; खंजिरी चालता चालता वाजते. एका हाताने धरायची, दुसऱ्याने वाजवायची. तिची द्रुत लय आखूड ओळ मागते, आणि ध्रुवपद असे लागते की पहिल्यांदाच ऐकणाऱ्यालाही ते दुसऱ्या आवर्तनात उचलता यावे. वाद्याने अशा रीतीने काव्याची घडण ठरवली. छापील पुस्तकात हीच भजने सैल आणि पुनरुक्तीने भरलेली दिसतात, क्वचित बाळबोधही वाटतात. समीक्षकाचा हा अभिप्राय चुकीचा नाही. फक्त तो भजनाविषयी नसून भजन संपल्यावर कागदावर उरलेल्या गाळाविषयी आहे.

१९४२ च्या ऑगस्टमध्ये हा भेद फार स्पष्ट झाला. १६ ऑगस्टला, नागपंचमीच्या दिवशी, चिमूरला मिरवणुकीवर गोळीबार झाला, बालाजी रायपूरकर हा कोवळ्या वयाचा मुलगा ठार झाला, आणि क्षुब्ध जमावाच्या हातून सरकारी अधिकारी मारले गेले. त्यानंतर गावावर लष्करी दडपशाही आली, स्त्रियांवर अत्याचार झाले, सामुदायिक दंड बसवला गेला; त्या अत्याचारांच्या चौकशीसाठी प्रा. भन्साळी यांनी ६३ दिवसांचे उपोषण केले. या परिसरात ज्यांच्या भजनांनी लोकांना चेतवले होते, त्या तुकडोजींना ऑगस्टअखेरीस चांद्याला अटक झाली. नागपूर आणि रायपूरच्या तुरुंगांत त्यांना ठेवण्यात आले, सुटका डिसेंबरात झाली. परकीय शासनाला काव्यशास्त्र ठाऊक नव्हते. परंतु भजन ही केवळ रचना नसून कृती आहे, एवढे त्याने नेमके ओळखले होते. आपल्या वाङ्मयेतिहासाने तितकेसुद्धा ओळखलेले दिसत नाही.

पुढचा काळ संघटनेचा: गुरुदेव सेवा मंडळ, सामुदायिक प्रार्थना, आणि १९५५ मध्ये ‘ग्रामगीता’. ४१ अध्यायांच्या या ग्रंथात ग्रामआरोग्य, गोवंशसुधार, स्त्रियांची उन्नती, अस्पृश्यता, सणउत्सव असे विषय ओवीत येतात. तिला संशोधन म्हणावे काय? तक्ते आणि आधारग्रंथ असलेल्या प्रबंधाच्या अर्थाने, नाही. पण गायकाला गावात रात्र काढावी लागते, कोणाच्या तरी ओसरीवर जेवावे लागते, तेथील विहीर आणि तेथील भांडण दोन्ही पाहावी लागतात; अशा हजारो मुक्कामांचे निरीक्षण या ओव्यांत साठले आहे. काही ठिकाणी ग्रंथ रुक्ष होतो, एखादा अहवाल छंदात बसवल्यासारखा. मात्र ओवी निवडण्यामागचा हिशेब पक्का होता: ज्याच्याविषयी लिहिले त्याला ती वाचता नाही आली तरी ऐकता यावी. समाजशास्त्रज्ञाचा अहवाल ज्या गावाविषयी असतो त्या गावी क्वचितच परततो. ‘ग्रामगीता’ परतली, तिची सामुदायिक वाचने झाली. भजनाच्या प्रभावावर तिच्यात स्वतंत्र अध्याय आहे, हेही लक्षणीय; गायक तेथे स्वतःच्याच साधनाची मीमांसा करतो.

या एकात्मतेला मर्यादा होती, ती झाकण्याचे कारण नाही. रामदेगीच्या अरण्याने त्यांना एकांत दिला, पण त्यांची भजने मराठी आणि हिंदी राहिली. पूर्वेकडील गोंड-माडियांची भाषा आणि त्यांची गाणी या खंजिरीच्या कक्षेत आली नाहीत. ग्रामगीतेतील आदर्श गाव हे मुख्यतः नांगराचे आणि गोठ्याचे गाव आहे. जंगलावर जगणाऱ्या वस्तीला त्यात स्वतःचा चेहरा ओळखू येणे कठीण.

२००५ मध्ये नागपूर विद्यापीठाला तुकडोजी महाराजांचे नाव मिळाले, आणि २०११ मध्ये चंद्रपूर-गडचिरोलीची महाविद्यालये त्याच विद्यापीठातून निघून गोंडवाना विद्यापीठात गेली. ज्या चिमूरने त्यांना घडवले आणि ज्या चांद्यात त्यांना अटक झाली, ती आता त्यांच्या नावाच्या विद्यापीठाच्या हद्दीबाहेर आहेत. प्रबंध दोन्हीकडे होतील. पण त्यांना आधार द्यायचा तर आधी भजनांची वेगळ्या प्रकारची संहिता सिद्ध करावी लागेल. पद कोठे गायले गेले, कोणत्या दिवशी, समोर कोण बसले होते, चाल कोणती, ध्रुवपद लोकांनी किती वेळा उचलले आणि दुसऱ्या दिवशी त्या गावात काय घडले, या नोंदी पदाच्या खाली नव्हे, पदाच्या शेजारी छापाव्या लागतील. जुन्या मंडळांतील वृद्ध खंजिरीवादकांच्या स्मरणात यांपैकी काही अजून आहे. ते उतरवून घेण्याचे काम कोणत्या विभागाचे, एवढे ठरायचे आहे.