जुनं ताट, नवा काटा

आमच्या घरात तराजू होता. त्यावर गूळ तोलला जायचा, शेंगा तोलल्या जायच्या, बी-बियाणं तोललं जायचं. गरोदर बाईचं वजन मात्र कुणी कधी केलं नाही. सत्तरच्या दशकात खटाव तालुक्यातल्या आमच्या गावात बाई नीट आहे की नाही हे आजी ठरवायची. ती सुनेला उजेडात बसवायची, डोळ्याची खालची पापणी ओढून आतला रंग बघायची. मग घोट्यावर अंगठा दाबून खड्डा पडतो का ते पाहायची. ‘पांढरी दिसतीयास गं, आजपासनं भाजीचं पाणी वताय न्हाई,’ असं म्हणायची आणि तेवढ्यावर तपासणी संपायची. अंगात रक्त आहे का आणि पायावर सूज आहे का, हे दोन प्रश्न आजही आरोग्यकेंद्रातली सिस्टर तितक्याच बारकाईने विचारते.

त्या दिवसांतलं गरोदर बाईचं ताट माझ्या डोळ्यांपुढे अजून लख्ख आहे. पहिल्या तीन महिन्यांत अन्नावरची वासना उडायची, तेव्हा आजी आग्रह करत नसे. तांदळाची पातळ पेज, त्यात मीठ आणि चमचाभर तूप. आमसुलाचं सार. भाजलेले चुरमुरे उशाशी ठेवलेले, सकाळी उठल्या उठल्या आधी ते दोन घास खायचे आणि मगच पाय खाली टाकायचा. उलट्या थांबल्या की खरं ताट सुरू व्हायचं: ज्वारीची नाहीतर बाजरीची भाकरी, हुलग्याचं माडगं, मटकीची उसळ, ताक, लोण्याचा छोटा गोळा. आणि भाजी. आमच्या दुष्काळी भागात बागायत नव्हती, पण पाऊस झाला की बांधावर तांदुळजा, घोळ, पाथरी, चिगळ आपोआप यायची. थंडीत करडईची कोवळी पानं आणि हरभऱ्याचा पाला. हा पाला सावलीत वाळवून मडक्यात भरून ठेवलेला असायचा, उन्हाळ्यात तोच शिजायचा. दुपारी चारच्या सुमाराला मूठभर भाजलेल्या शेंगा आणि गुळाचा खडा. भाजी शिजायची लोखंडी कढईत.

सारखं थोडं थोडं खायचं, एका वेळी पोट गच्च भरायचं नाही, हा आजीचा नियम होता. पोट वाढत गेलं की जठराला जागा कमी पडते, जळजळ होते, म्हणून आजचा आहारतज्ज्ञही तीन जेवणं आणि मध्ये दोन-तीन हलके खाऊ असंच सांगतो. रक्तातली साखर एकदम उसळू नये, हाही त्यातला फायदा.

डोहाळ्यांचं कौतुक तर गल्लीभर व्हायचं. कुणाला चिंच हवी, कुणाला कैरी, कुणाला आवळा. माझ्या एका चुलतीला भाजकी माती खावीशी वाटायची, ती चुलीच्या कडेची खपली काढून तोंडात टाकायची. शेजारची एक नवी सून पाटीवरच्या पेन्सिली खायची. बायका हसायच्या, ‘पोटातलं मागतंय’ म्हणायच्या आणि पेन्सिलींचं पुडकं आणून द्यायच्या. माती, खडू, पेन्सिल खावीशी वाटणं हे बऱ्याचदा रक्तातलं लोह कमी झाल्याचं लक्षण असतं, हे पुढे कितीतरी वर्षांनी मला कळलं. तेव्हापासून तो हसण्याचा आवाज आठवला की जीव कळवळतो. ती मुलगी काहीतरी मागत होती आणि आम्ही तिला पेन्सिली दिल्या.

त्या काळाबद्दल लिहिताना हे लपवणं मला पटत नाही. ताट सुरेख होतं, पण ते कुणाला आणि कधी मिळायचं? आधी पुरुषांची पंगत, मग मुलं, मग सासू, शेवटी सून. गरोदर असली तरी क्रम बदलत नसे. आमटीतली डाळ वरच्यावर संपलेली असायची, तिच्या वाटणीला पाणी यायचं. दुधाचंही तेच झालं. घरात म्हैस होती तोवर कपभर दूध सुनेच्या हातात पडायचं. मग गावोगाव दूध संकलन सुरू झालं, घरात रोख पैसा येऊ लागला, त्याचा आनंद सगळ्यांनाच झाला. पण सकाळ-संध्याकाळ किटली भरून बाहेर जाऊ लागली आणि सुनेच्या कपात काळा चहा आला. शिवाय अंडं उष्ण, केळं थंड, पपईचं तर नावच काढायचं नाही. कच्च्या पपईच्या चिकाबद्दल सावध राहणं ठीकच, पण त्या नादात सगळ्या फळांवरच बंदी आली.

आणि सर्वांत मोठी भीती बाळ मोठं होण्याची. सातवा महिना लागला की सासवा ताटातली भाकरी कमी करायच्या. ‘लई खाल्लंस तर बाळ मोठं हुईल, अडशील.’ यात दुष्टपणा नव्हता. घरी सुईणीच्या हातून बाळंतपण, अडलेल्या बाईला बैलगाडीतून वडूजला न्यायचं, आणि वाटेत काय काय होतं हे त्या सासवांनी डोळ्यांनी पाहिलं होतं. त्यांच्या भीतीला कारण होतं, पण त्यावरचा उपाय मात्र आईला आणि बाळाला दोघांनाही महागात पडायचा. १९७२च्या दुष्काळात तर भाकरी कमी करायलाही घरात उरली नव्हती. पोटुशी बाया खडी फोडायला जात होत्या. दुष्काळी कामावर मिळणारी सुकडी कितीतरी बायांनी ओच्यात बांधून घरच्या पोरांसाठी आणली, स्वतः न खाता. त्या वर्षी कुणाचं किती वजन वाढलं, याची नोंद कुठे नाही.

अशी नोंद पुढे झाली, आणि ती आपल्याच मुलखात झाली. १९९३ साली पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुण्याजवळच्या सहा खेड्यांतल्या बायकांचा अभ्यास सुरू केला. गर्भ राहण्याआधीपासून त्यांची वजनं घेतली, पुढे त्या काय खातात, किती राबतात, हे लिहून ठेवलं. त्या बायकांचं सरासरी वजन ४२ किलोच्या आसपास होतं. बाळं जन्मली ती सरासरी पावणेतीन किलोहूनही कमी. इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टन शहरात जन्मलेल्या बाळांचं वजन साडेतीन किलोच्या जवळपास असायचं. पण तुलना केली तेव्हा आणखी एक गोष्ट दिसली: आपली बाळं हडकुळी होती, तरी त्यांच्या अंगातली चरबी मात्र त्या मानाने फारशी कमी नव्हती. अशा बाळांना पुढे मोठेपणी मधुमेहाचा धोका जास्त, हे याज्ञिकांनी जगापुढे मांडलं. या अभ्यासातली माझ्या जिव्हाळ्याची गोष्ट वेगळीच आहे. आईने एकूण किती ऊर्जा आणि प्रथिनं खाल्ली याचा बाळाच्या आकाराशी ठळक संबंध लागला नाही. संबंध लागला तो पालेभाज्या, फळं आणि दूध ती किती वेळा खाते याच्याशी. म्हणजे बांधावरचा तांदुळजा, हरभऱ्याचा पाला आणि म्हशीचं ते कपभर दूध! आजीच्या ताटात जे होतं तेच बाळाला घडवत होतं. चुकत होतं ते माप, आणि चुकत होती वाढण्याची पाळी.

आता पुण्यात माझी भाची गरोदर आहे. तिच्याकडे काय नाही? डॉक्टरांची जाडजूड फाईल आहे, दर भेटीला वजन आणि रक्तदाब लिहिलेला आहे, मोबाइलवर बाळ या आठवड्यात केवढं झालं ते दिसतं. डोहाळजेवणाला हिरवी साडी आणि फुलांच्या वाड्या आमच्यासारख्याच होत्या, फोटो मात्र शेकड्यांनी. आणि माया करणारी माणसं तर मोजता येणार नाहीत एवढी. जो येतो तो पेढे, सुक्या मेव्याचे लाडू, फळांच्या रसाचे डबे घेऊन येतो. ‘आता दोन जिवांचं खायचं,’ असं म्हणून दोनदा वाढतो. आमच्या वेळी भाकरी काढून घेत होते, आता ताटाबाहेर वाढतात. भाची दिवसभर खुर्चीत बसून काम करते, जिने चढत नाही. पाचव्या महिन्याच्या आतच तिचं वजन डॉक्टरांच्या अंदाजापलीकडे गेलं, तेव्हा ती रडवेली होऊन म्हणाली, ‘मावशी, मी तर सगळं बाळासाठीच खातेय गं.’

तिच्या त्या वाक्याला नाही म्हणवत नाही. पण दोन जिवांचं खाणं म्हणजे दुप्पट खाणं नव्हे. पहिल्या तीन महिन्यांत जवळजवळ काहीच जास्त लागत नाही. त्यानंतर आपल्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या शिफारशीप्रमाणे दिवसाला ३५० कॅलरी जास्त पुरतात. ज्वारीची एक भाकरी, वाटीभर घट्ट वरण आणि कपभर दूध, एवढ्यात त्या भरतात. एका मोठ्या डिंकाच्या लाडवात दीड भाकरीइतकी ऊर्जा असते. आणि डिंक, अळीव, मेथी हे लाडू आजी देत असे ते बाळंतिणीला, बाळ अंगावर पीत असताना. गरोदर बाईला तिने ते कधी दिले नाहीत. आज तेच लाडू गरोदरपणाचे म्हणून रंगीत डब्यांत विकले जातात आणि तिसऱ्या महिन्यापासून खाल्ले जातात.

वजन वाढायला हवंच. आपल्याकडचे डॉक्टर सर्वसाधारण बाईला नऊ महिन्यांत १० ते १२ किलो वाढ सांगतात. त्यात बाळाचे तीनेक किलो, वार अर्धा-पाऊण किलो, गर्भजल, वाढलेलं गर्भाशय, अंगात वाढलेलं रक्त आणि पुढे अंगावर पाजण्यासाठी शरीराने साठवलेली थोडी चरबी. ही वाढ प्रत्येकीला सारखी नसते. २००९ साली अमेरिकेतल्या इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनने जी मापं ठरवली, त्यांत फार बारीक बाईला साडेबारा ते अठरा किलो, जाड बाईला सात ते साडेअकरा आणि खूप स्थूल बाईला पाच ते नऊ किलो असं सांगितलं आहे. बारीक बाईने जास्त कमवायचं, भरलेल्या बाईने कमी. पण गरोदरपणात उपाशी राहून वजन उतरवायचं कुणीही नाही. हे वाक्य मी भाचीला दोनदा ऐकवलं, कारण वजन वाढल्यावर तिने रात्रीचं जेवणच सोडलं होतं.

तिची साखरेची तपासणीही झाली. ७५ ग्रॅम ग्लुकोज पाण्यातून प्यायचं आणि दोन तासांनी रक्त द्यायचं. आकडा १४० किंवा त्याहून वर गेला तर गरोदरपणातला मधुमेह. आजीच्या वेळी ही तपासणी नव्हतीच. भाचीचा आकडा काठावर आला. डॉक्टरांनी रस, मिल्कशेक आणि बेकरीची खारी बंद केली. अख्खं फळ खा म्हणाले, संध्याकाळी अर्धा तास चाल म्हणाले, आणि आहारतज्ज्ञ बाईंनी लिहून दिलेला कागद मी वाचला तर त्यात काय होतं? ज्वारीची भाकरी, मोड आलेली मटकी, पालेभाजी, ताक, मूठभर शेंगदाणे. गुळाचा खडा तेवढा वगळलेला. पाथरी आणि घोळ पुण्याच्या मंडईत कधीकधीच दिसते, पण माठ, चाकवत, शेपू, अंबाडी मिळतेच की.

मुंबईतल्या झोपडपट्ट्यांतल्या बायकांवरही असाच एक प्रयोग झाला, ‘सरस’ नावाचा. त्यांना पालेभाज्या, फळं आणि दूध घालून केलेला खाऊ रोज दिला गेला, गर्भ राहण्याआधीपासून. त्यांच्यात गरोदरपणातल्या मधुमेहाचं प्रमाण कमी आढळलं. लग्न होऊन घरात आलेल्या मुलीच्या ताटाकडे दिवस जायच्या आधीपासून बघायला हवं, हे मला त्यातून सगळ्यात महत्त्वाचं वाटतं.

आणि गावाकडे? तिथेही बदल झालाय, चांगला झालाय. अंगणवाडी आली, घरपोच आहार आला. आदिवासी भागांत डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम अमृत आहार योजनेत गरोदर बाईला अंगणवाडीत एक वेळचं पूर्ण ताट मिळतं. तिथे बसून जेवायचं, हे मला फार मोलाचं वाटतं, कारण ओच्यात बांधून घरी न्यायचा प्रश्न राहत नाही. लोह आणि फॉलिक ॲसिडच्या गोळ्या १८० दिवस फुकट मिळतात. तरीही २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या निम्म्याहून अधिक गरोदर बायकांच्या अंगात रक्त कमीच निघालं. गोळ्या फडताळात पडून राहतात, किंवा चहाबरोबर घेतल्या जातात आणि चहा ते लोह अंगी लागू देत नाही. गोळी लिंबूपाण्याबरोबर घ्यावी आणि आधी-नंतर तासभर चहा टाळावा, एवढं सांगणारं माणूस घरात लागतं. आजी ते काम करायची. आता लेकी-सुना नवऱ्यासोबत मोठ्या शहरात दोघंच राहतात, त्यांच्या पापणीचा रंग बघायला कुणी नसतं.

म्हणून माझं मागणं सासवांना, आयांना आणि विशेषतः नवऱ्यांना आहे. घरात दिवस गेलेली मुलगी असेल तर तिला सगळ्यांच्या आधी वाढा, आणि भाजी आधी वाढा, पेढा नव्हे. बाराव्या आठवड्याच्या आत तिचं नाव नोंदवा आणि पहिल्याच दिवशी वजन लिहून घ्या, कारण पुढची सगळी मोजणी त्या आकड्यावर उभी असते. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यांत चौथ्या महिन्यापासून पुढच्या गरोदर बायकांना डॉक्टर मोफत तपासतात: वजन, रक्तदाब, हिमोग्लोबिन, साखर, सगळं. त्या दिवशी तिला एकटीला पाठवू नका, बरोबर जा.