चौकटीवरील खुणा

रांचीच्या बदलीचा हुकूम हाती पडला तेव्हा आमच्या निम्म्या नातेवाइकांनी "म्हणजे नक्की कुठे?" असे विचारले आणि उरलेल्यांनी तेथील वेड्यांच्या इस्पितळाची चौकशी केली. आता येथे चौथे वर्ष चालू आहे. परमुलखात मराठी माणसाला जे जे जडते, म्हणजे मंडळाचा गणपती, गावाकडून येणारी कोकमे आणि स्थानिक लोकांविषयीची ठाम मते, ते सर्व आम्हांलाही यथाक्रम जडले. त्यांतील एक मत असे की, इकडचे आदिवासी मुळातच ठेंगणे. "रक्ताचा गुण!" असे चहाच्या वेळी कोणी म्हटले, की टिपणी विनाहरकत मंजूर होते.

मला मात्र रक्ताचा हा पुरावा कधीच पटला नाही. माझे वडील लांज्याजवळच्या खेड्यात पेजेवर वाढले. मी त्यांच्याहून चांगला चार बोटे उंच आहे. बापलेकांचे रक्त तर एकच. पुढे वडिलांना नोकरी लागली आणि माझ्या वाट्याला दूध आले, एवढाच काय तो फरक.

जागतिक आरोग्य संघटनेने १९९७ ते २००३ या काळात सहा देशांतील सुस्थितीतल्या घरांची मुले मोजली. त्यांत नॉर्वेची होती, घानाची होती, तशीच दक्षिण दिल्लीचीही होती. पोटभर अन्न, स्वच्छ पाणी आणि वेळेवर औषध मिळाले, की लहानपणीची उंची सर्वत्र जवळजवळ सारखीच वाढते, असे आढळले. त्यावरूनच २००६ साली मापे ठरली. पाच वर्षांच्या मुलीची मध्यम उंची १०९.४ सेंटिमीटर, ९९.९ च्या खाली ती खुरटलेली समजावयाची.

आमच्या क्वार्टरच्या दाराच्या चौकटीवर मी दर पाडव्याला मुलीची उंची पेन्सिलीने नोंदवितो. (सरकारी रंगावर खुणा करू नयेत, हे मला ठाऊक आहे.) यंदा धुणेभांडी करणाऱ्या उराव बाईंची मुलगी शेजारी उभी राहिली आणि "काका, मेरा भी" म्हणाली. दोघीही पाच वर्षांच्या. आमची १०९ भरली, ती ९८. आपली खूण खाली का, असे तिने विचारले नाही. खूण मिळाली याचाच तिला आनंद झाला. हिने मात्र आतून मला हाक मारली आणि मी गेलो तेव्हा काहीच बोलली नाही.

२०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातील पाच वर्षांखालील ३५.५ टक्के मुले खुरटलेली आढळली. अनुसूचित जमातींत ४०.९ टक्के. आपल्या महाराष्ट्राचा आकडाही ३५.२ आहे, तेव्हा इकडे पाहून नाक मुरडण्याचे कारण नाही. सर्वांत गरीब पंचमांशात हे प्रमाण ४६ टक्के, सर्वांत श्रीमंतांत २३.

बाईंच्या आजोबांची शेती होती. आदिवासींची जमीन परक्या हाती जाऊ नये म्हणून येथे १९०८ पासून कायदा आहे. पण ही जमीन सरकारी कामासाठीच गेली. शेतात मडुआ पिके. मडुआ म्हणजे आपली नाचणी. आता त्यांच्या घरी माड-भात असतो, तो शिधापत्रिकेवरील तांदळाचा. डाळ पगाराच्या आठवड्यात. तो पगार आम्हीच देतो, वसाहतीत सगळे देतात तेवढाच.

जाणकार म्हणतात, उंचीचे बरेचसे भवितव्य गर्भापासून दुसऱ्या वर्षापर्यंतच्या हजार दिवसांत ठरते. पुढे ती तूट भरून काढणे कठीण. या मुलीचे ते दिवस सरले. तिला धाकटा भाऊ आहे, अकरा महिन्यांचा. त्याची आई सकाळी सहाला आमच्या वसाहतीत येते आणि पाच घरे उरकून दोनला परत जाते.