एष्ट उळदैति?

आमच्या घरात पिकअप आली ती आप्पांच्या हौसेनं. बेळगावहून भाजी भरायची, जांबोटी-कणकुंबीवरून चोर्ला घाट उतरायचा आणि म्हापशाच्या बाजारात माल टाकायचा, हा त्यांचा नेम. आप्पा मराठी, अव्वा कानडी. गाडीत चढताना अव्वाचा प्रश्न ठरलेला, "डिझेल एष्ट उळदैति?" म्हणजे, डिझेल किती उरलंय?

टाकी ६० लिटरची. मोकळी गाडी सपाटीला लिटरला १४ किलोमीटर देते. म्हणजे ८४० किलोमीटर झाले की नाही? आप्पा मात्र म्हणायचे, "पाचशेच धर." टाकी काठोकाठ भरायची, किलोमीटर लिहायचे, पुढच्या वेळी पुन्हा काठोकाठ भरताना किती लिटर बसलं ते बघायचं. असा हिशेब ते खिशातल्या वहीत ठेवत. प्रत्येक परतीच्या फेरीपुढे एक नोंद असायचीच : "साखळी, १५ लिटर." बेळगावात आमचं उधारीचं खातं असताना वाटेत रोख पैसे कशाला मोडायचे, हे मला कधी कळलं नाही.

आप्पा गेले, गाडी माझ्याकडे आली. दोन वर्षांपूर्वीच्या पावसाळ्यात नारळाची पोती भरून मी गोव्याहून परतत होतो. देवदर्शनाला आलेली अव्वा शेजारी होती. साखळीत काटा खाली टेकलेला. सहाएक लिटर असेल, चौदानं गुणलं, ८४. आमचा पंप सत्तरेक किलोमीटरवर. पुढे निघालो. अव्वानं विचारलं, तिलाही तोच आकडा सांगितला.

घाटात धुकं, पाऊस आणि सगळा रस्ता दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये. भरल्या गाडीला चढावर लिटरला सात-आठ किलोमीटर मिळाले तरी पुष्कळ. शिवाय टाकीच्या तळातलं सगळं डिझेल काही इंजिनापर्यंत पोचत नाही. चढावर ते एका बाजूला सरकतं, तेव्हा फ्लोटवर चालणारा काटाही फसवतो. कणकुंबी ओलांडली आणि गाडी दोन गचके देऊन थांबली. रात्रीचे साडेनऊ, दोन्ही बाजूंना रान. मोबाइलला रेंज नाही.

पाऊण तासानं एका ट्रकवाल्यानं पाच लिटरचा कॅन दिला. पण डिझेलची गाडी नुसतं ओतून चालू होत नाही. लाइनीत हवा शिरलेली. फिल्टरवरचा हातपंप दाबून ती काढावी लागली. माझे हात थरथरत होते. अव्वा पदर डोक्यावर घेऊन, भिजत, बॅटरी धरून उभी होती. एका शब्दानं बोलली नाही. गाडी सुरू झाल्यावर एवढंच म्हणाली, "तुझे आप्पा घाटाखाली भरून घ्यायचे. मी घरी वाट बघत असते म्हणून."

वहीतल्या पंधरा लिटरचा अर्थ मला त्या रात्री लागला.

आता साखळीला थांबतो, रोख देतो. अव्वा हल्ली गाडीत बसत नाही, फोनवर विचारते. मी सांगतो, "साकष्टु ऐति, अव्वा." पुरेसं आहे.