ध्रुव वर चढतो

कोचीच्या खाडीतून 'तरंगिणी' बाहेर पडली त्या फेब्रुवारीतल्या दुपारीच आम्हां छात्रांपैकी निम्म्यांना बोट लागली, आणि उरलेल्यांना ती रात्री लागली. मी पहिल्या निम्म्यांत होतो हे आरंभीच सांगून टाकलेले बरे, म्हणजे पुढे जे काही धैर्याचे वर्णन येईल त्याचे मोल वाचकांना ठरवता येईल.

गोवा शिपयार्डात बांधलेली ही तीन डोलकाठ्यांची, २० शिडांची नौका ११ नोव्हेंबर १९९७ रोजी नौदलात रुजू झाली, ती केवळ शिकाऊ मुलांसाठी. क्षेपणास्त्रांच्या युगात शिडे कशाला, असा प्रश्न मालवणच्या आमच्या मामांनाही पडला होता. "तुझ्या आज्यान गलबत सोडून नोकरी धरल्यान, नि तू नोकरी धरून गलबतार चललस?" या त्यांच्या उद्गाराला मजजवळ त्या वेळी उत्तर नव्हते.

जहाजावरच्या दिवसाचे चोवीस तास घड्याळाचे नसून पाळ्यांचे असतात. चार-चार तासांच्या पाळ्या सरळ मोजल्या तर त्या सहा होतात आणि आम्हां तीन तुकड्यांपैकी प्रत्येकीच्या वाट्याला नित्य तेच प्रहर येतात. म्हणून संध्याकाळच्या चार ते आठचे दोन तुकडे करून पाळ्या सात करण्याचा शिरस्ता आहे. मध्यरात्रीच्या हजेरीचा जाच त्यामुळे सर्वांत सारखा वाटला जातो. न्यायदानाची इतकी सोपी व्यवस्था मी जमिनीवर अद्याप पाहिलेली नाही.

हुकूम सुटताच दोरांच्या शिडीने वर चढून, आडव्या काठीवर पोट टेकून, पायांखालच्या एका दोरावर झुलत ओले शीड आवळायचे, हे काम खालून पाहणाऱ्याला जितके भयंकर दिसते त्याहून वरून अधिक भयंकर दिसते. कमरेला सुरक्षापट्टा असतो खरा. पण जहाज एका कुशीवर कलले की खाली डेक न दिसता पाणी दिसते, आणि त्या क्षणी पट्ट्यावरची श्रद्धा क्षीण होते.

आमचा मार्ग उत्तरेचा, आणि त्या दिवसांत दुपारी सुटणारा खारा वाराही नेमका वायव्येचा. चौकोनी शिडांचे जहाज वाऱ्याच्या तोंडावर चालत नाही. त्यामुळे दिवसा निमूटपणे इंजिनाचे साहाय्य घ्यावे लागे. पण उत्तररात्री किनाऱ्यावरून मतलई सुटे, इंजिन बंद होई, शिडे भरत आणि नाळेखालचा पाण्याचा खळखळाट तेवढा ऐकू येई. याच मतलईवर आजोबांनी मालवणाहून मुंबई गाठली असेल, हे मला वेंगुर्ल्याचा दीप उजवीकडे मागे पडत असता प्रथम सुचले. मामांना द्यायचे उत्तर असे उशिरा सापडले.

लहानपणापासून ध्रुव अढळ म्हणून ऐकलेला. कोचीला तो क्षितिजापासून दहा अंशांच्या जरा वर, धुक्यात मिणमिणत होता. पण उत्तरेकडे सरकावे तसतसा तो रोज वर येऊ लागला. एक कला वर म्हणजे एक सागरी मैल पुढे, असा हा हिशेब. त्यासाठी तारे आणि क्षितिजरेषा ही दोन्ही एकदम दिसली पाहिजेत. तशी संधिप्रकाशातली पाऊण घटिका सेक्स्टंट धरून बसणाऱ्याच्या हाती असते. तीन ताऱ्यांवरून मी केलेल्या पहिल्या गणिताने जहाज थेट जोगच्या धबधब्यापाशी नेऊन उभे केले. अधिकाऱ्यांनी कागद पाहिला, आणि "निदान तिथे पाणी तरी आहे" एवढेच म्हणून तो परत दिला.

मुंबईच्या अलीकडे, प्राँग्जच्या दीपगृहाचा झोत पहाटेच्या उजेडात फिकट होत असता, मी ध्रुव पुन्हा मोजला. तो अठरा अंशांच्या किंचित वर भरला. अढळ म्हणवणारा हा तारा खऱ्या ध्रुवबिंदूभोवती लहानसे वर्तुळ काढतो, म्हणून नाविक पंचांगातली दुरुस्ती चढवावी लागते; ती विसरलो असतो तर आमचे जहाज जंजिऱ्याच्याही दक्षिणेला राहिले असते. ती चढवली, आकडेमोड दोनदा पडताळली आणि कागद नेऊन दिला. चूक चार कलांची, म्हणजे चार मैलांची निघाली.