ग्रीसचा अर्धा तास

जेसीबीचं वय विचारलं तर जाणकार माणूस साल सांगत नाही, तास सांगतो. केबिनमधलं अवर मीटर इंजिन सुरू असेल तेव्हाच पुढे सरकतं आणि जुन्या मशीनचा सौदा त्याच आकड्यावर ठरतो. दिवसाला आठ तास आणि वर्षाला अडीचशे दिवस काम धरलं, तर वर्षाचे दोन हजार तास होतात; पाच वर्षांचे दहा हजार. पारनेरकडचे मालक याच आकड्याच्या आसपास इंजिनचं मोठं काम निघणार असं धरून चालतात. पण सुप्याजवळच्या एका गॅरेजात मी दोन जेसीबी शेजारी शेजारी उभे पाहिले. मॉडेल एकच, तासही जवळपास तेवढेच. त्यातला एक सुट्या भागांच्या भावाने विकायला काढला होता आणि दुसरा फक्त तेल बदलून पुन्हा कामावर निघाला होता.

हा दुसरा आमच्या दादाचा. थोरला भाऊ माती-मुरमाच्या धंद्यात आहे आणि त्याच्या हिशेबाची वही माझ्याकडे असते. जलयुक्त शिवारची कामं निघाली, मग २०१७ मध्ये ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजना आली, तेव्हा आमच्या भागातल्या पाझर तलावांत उन्हाळाभर मशीनं उतरली. पाऊस पडायच्या आत गाळ निघाला पाहिजे म्हणून दोन-दोन पाळ्यांत काम चाले. त्या धांदलीत दादाने हा जेसीबी जुना घेतला होता.

गॅरेजातले मिस्त्री वयाने मोठे. सगळे त्यांना अण्णा म्हणतात. अण्णांनी त्या पहिल्या मशीनचा नवा पिवळा रंग पाहिला न पाहिल्यासारखा केला आणि ऑपरेटरला मागची बकेट जमिनीवरून हातभर उचलायला लावली. मग बूमच्या सांध्यात पहार घालून दाबली. पिन खाडखाड हलली. सांध्यात कडक पोलादाची पिन बुशमध्ये फिरते आणि दोघांच्या मधे ग्रीसचा पातळ थर असतो. ग्रीस गनने नवं ग्रीस भरलं की जुनं ग्रीस आतली धूळ घेऊन कडेने बाहेर येतं. ते भरलं नाही तर धूळ आतच राहते आणि प्रत्येक हालचालीला बुश खात जाते. बुश अंडाकृती झालं तरी ते बदलता येतं. त्यानंतरही मशीन तसंच चालवलं, तर पिन खुद्द बूमचं भोक खाते. मग वेल्डिंगने ते भरून पुन्हा बोअर करून घ्यावं लागतं. त्या मशीनचं हे झालं होतं, तेही एका सांध्यात नाही.

“हिला कामाने मारलेलं नाही. उपाशी ठेवलीय,” एवढंच अण्णा म्हणाले.

कंपनीच्या पुस्तकात हे ग्रीसिंग दर दहा तासांनी, म्हणजे रोज करायला सांगितलेलं असतं. काम अवघड नाही. मशीन सपाट जागी लावायचं, बकेट टेकवायची, इंजिन बंद करायचं, निपल पुसायचं आणि गन मारायची. सगळे सांधे नीट करायचे तर अर्धा तास जातो.

हायड्रॉलिकची गोष्ट याहून नाजूक आहे, कारण तिथलं नुकसान दिसत नाही. जेसीबीच्या नळ्यांमधून तेल दोनशे बारच्या वर दाबाने फिरतं; मोटारीच्या टायरमधल्या हवेचा दाब दोन-सव्वादोन बार असतो. हा दाब धरून ठेवण्यासाठी पंप आणि व्हॉल्व्हमधल्या फटी दहा मायक्रॉनहूनही कमी ठेवलेल्या असतात. माणसाच्या नुसत्या डोळ्याला चाळीस मायक्रॉनच्या खालचा कण दिसत नाही. म्हणजे बादलीत ओतलेलं तेल स्वच्छ दिसतं, तेव्हाही पंप खराब करणारी धूळ त्यात असू शकते. तलावाच्या पात्रात होज पाईप फुटतो, तिथेच नवा बसवतात, उघड्या डब्यातून तेल ओततात आणि काम पुढे चालू होतं. मशीन बंद पडायला पुढे कित्येक महिने लागतात. तोवर त्या दुपारची आठवण कुणाला राहत नाही.

एअर फिल्टरचंही तसंच. बाहेरचा फिल्टर ठरावीक वेळा साफ करता येतो, आतला सेफ्टी फिल्टर साफ करायचा नसतो, बदलायचाच असतो. साइटवर मात्र दोन्ही काढून टायरवर आपटतात. कागदाला बारीकशी चीर गेली की तेवढ्यातून धूळ सिलिंडरमध्ये जाते आणि इंजिन धूर ओकायला लागतं. तेलाचा नमुना प्रयोगशाळेत तपासून घेतला तर हे आधीच कळतं. सिलिकॉन वाढलेलं दिसलं तर धूळ आत येते आहे, लोखंड वाढलं तर लायनर-रिंगसारखे भाग झिजताहेत आणि तांबं वाढलं तर बेअरिंग-बुशकडे पाहायला हवं. खाणींमध्ये ही तपासणी नेमाने करतात. एकदोन मशीनं बाळगणाऱ्या गावच्या मालकाला ती कुणी सुचवत नाही.

ऑपरेटर कामचुकार असतात, असं मालकांच्या बैठकीत नेहमी ऐकू येतं. हिशेबाची वही लिहिणाऱ्याला ते पटत नाही. भाडं तासावर असतं आणि बहुतेक ठिकाणी ऑपरेटरचा भत्ताही तासामागे असतो. ग्रीसिंग करायचं ते इंजिन बंद ठेवून. त्या वेळी मीटर थांबलेलं असतं. म्हणजे जो माणूस रोज अर्धा तास मशीनची काळजी घेतो, त्याचा तेवढा भत्ता बुडतो. उलट झाडाखाली इंजिन नुसतं घुरघुरत ठेवलं, तर मीटर पळत राहतं. आपण मशीनच्या आयुष्याला कात्री लावणारी मजुरीची पद्धत स्वतःच लावली आहे आणि दोष मात्र बारा तास उन्हात बसणाऱ्या माणसाला देतो आहोत. हे मला मनापासून अन्यायाचं वाटतं.

मीटरवरचे तासही एकसारखे नसतात. काळ्या मातीत बकेट भरण्याचा तास वेगळा, आणि ब्रेकर लावून बेसॉल्ट फोडण्याचा वेगळा. सह्याद्रीच्या पूर्वेला पाच-सहा फूट खाली गेलं की बहुधा हा काळा पाषाण लागतोच. त्यात बकेटचे दात भराभर झिजतात आणि ब्रेकरचे हादरे बूमच्या वेल्डिंगपर्यंत पोचतात.

चेनवर चालणाऱ्या पोकलेनच्या बाबतीत झीज खाली असते. चेन, रोलर, आयडलर, स्प्रॉकेट या अंडरकॅरेजवरच देखभालीचा निम्म्याच्या आसपास खर्च होतो, असा या धंद्यातला सर्वमान्य ठोकताळा आहे. तरी ट्रेलरचं भाडं वाचवण्यासाठी पोकलेन एका साइटवरून दुसऱ्या साइटवर डांबरी रस्त्याने चालवत नेलेलं सर्रास दिसतं.

नीट सांभाळलं तर लोखंड किती चालतं, याचं एक उदाहरण अमेरिकेत आहे. केनेडी अवकाश केंद्रातली रॉकेट वाहणारी दोन क्रॉलर यंत्रं मॅरियन पॉवर शोव्हेल या खाणकामाची अवजड यंत्रं बनवणाऱ्या कंपनीने १९६५ मध्ये बांधली. त्यांनी अपोलोची रॉकेटं नेली, स्पेस शटल नेली, आणि २०२२ मध्ये त्यांतल्याच एकाने आर्टेमिस-१ तळावर नेलं. एका क्रॉलरच्या पट्ट्यांना प्रत्येकी सुमारे टनभर वजनाचे ४५६ शू असतात. जुन्या शूंना भेगा दिसू लागल्यावर ते बदलले, बेअरिंगही बदलली. तिथला पैसा आणि माणूसबळ आपल्याकडे नाही हे खरं. पण ग्रीसच्या डब्याला अवकाश संस्थेचं बजेट लागत नाही.

दादाने मशीन घेतलं तेव्हा त्याच्याबरोबर त्याचा जुना ऑपरेटरही ठेवून घेतला. मराठवाड्यातला माणूस, कमी बोलणारा. त्याची अट एकच होती: सकाळी ग्रीसिंग झाल्याशिवाय मशीन हलणार नाही आणि तो वेळ माझ्या तासांत धरायचा. दादाने मान्य केलं. वहीत मी रोजच्या तासांपुढे अर्धा तास वेगळा लिहितो. त्याचे पैसे कंत्राटदाराकडून मिळत नाहीत, ते दादाच्या खिशातून जातात. पावसाळ्यात मशीन उभं करताना हाच माणूस सगळे सिलिंडर आत ओढून ठेवतो, कारण बाहेर राहिलेल्या रॉडला गंज चढून खड्डे पडले की पुढच्या हंगामात तोच रॉड सील फाडतो. हे त्याला कुठल्या प्रशिक्षणात शिकवलेलं नाही.

गाळ काढायची कामं देणाऱ्या ग्रामपंचायतींनी, संस्थांनी आणि कंत्राटदारांनी भाड्याच्या करारात एक ओळ घालावी: रोजचा ग्रीसिंगचा अर्धा तास कामाच्या वेळेत धरला जाईल आणि त्याचे पैसे दिले जातील. मालकांनी तो भत्ता थेट ऑपरेटरच्या हातात द्यावा. आणि जुनं मशीन घ्यायला जाणाऱ्यांनी रंगाकडे आणि मीटरकडे पाहण्याआधी सोबत पहार न्यावी, पिना हलवून बघाव्यात, आणि ते मशीन आजवर कोण चालवत होतं हे विचारावं. तो माणूस सोबत यायला तयार असेल, तर चार पैसे जास्त देऊन त्यालाही ठेवून घ्यावं.